छोट्या इंजिनाची बाजू घेऊन

सोलापुरात कुणी पिकअप घ्यायची म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती सीसी? लगेच दुसरा, एचपी किती? आणि दोन्ही आकडे ऐकून समोरचा मान हलवत म्हणतो, छोटं पडंल बघ, जरा मोठंच घे, एकदाच घ्यायचं असतंय. मार्केट यार्डाच्या गेटवर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर, आरटीओबाहेरच्या एजंटांच्या बाकड्यांवर मी हेच ऐकत आलोय. माझं मत याच्या उलट आहे. माल वाहायला गाडी घेत असाल तर इंजिन शक्यतो लहान घ्यावं, पण नीट हिशोब करून लहान घ्यावं. हा हिशोब कुणी पोरांना करून दाखवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ओळखीतली दोन-तीन पोरं हप्ते फेडता फेडता मेटाकुटीला आलेली मी बघितलीत, गाडीत काही खोट नव्हती, गाडी फक्त त्यांच्या धंद्यापेक्षा मोठी होती.

आता विषय निघाला तो भाच्यामुळं. तो सोलापूरजवळ नान्नजला असतो, थोडी द्राक्षं, थोडा कांदा, आणि शेतीवर सगळं भागत नाही म्हणून त्याला गाडी टाकायची होती. सकाळी गावातला भाजीपाला न् कांदा मार्केट यार्डात, दिवसभर शहरात टॉवेल-चादरीची भाडी, संध्याकाळी येताना खत नाहीतर पेंड. दोन गाड्यांचे कागद घेऊन आला माझ्याकडं. एक अडीच लिटर इंजिनाची मोठी पिकअप, दुसरी १.२ लिटरची छोटी. मोठीकडं मन झुकलेलं होतं ते चेहऱ्यावरच दिसत होतं. "मामा, तुळजापूरचा घाट चढायला नको का ओ?" हा त्याचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे, पण घाट चढायला इंजिन लागतं तसा गिअरही लागतो, आणि घाट रोज आहे का वर्षातनं चार वेळा हे आधी बघावं लागतं.

छोट्या इंजिनाबद्दल बोलताना २००५ साल आठवल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. त्या वर्षी टाटा एस आली, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, डिझेल, टर्बो (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही, आणि ताकद फक्त १६ एचपी. सोळा! शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटरसायकली आठ-अकरा एचपी काढतात. तर तेवढ्या ताकदीवर ती गाडी पाऊण टन माल घेऊन जायची, आणि चाटी गल्लीसारख्या ठिकाणी, जिथं मोठा टेम्पो एकदा घुसला की मागं कसा काढायचा हा प्रश्न पडतो, तिथं ही आरामात वळायची, टर्निंग रेडियस ४.३ मीटर. पूर्व भागात, साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौकाच्या मागच्या बोळांत, घराघरात यंत्रमाग आहेत. तिथला माल आधी हातगाडीवर नाहीतर तीनचाकी टेम्पोत निघायचा. छोटा हत्ती थेट मागाच्या दारात उभा राहायला लागला आणि किती जणांनी नोकरी सोडून स्वतःची गाडी टाकली. माझ्यासाठी ते इंजिन म्हणजे इंजिनिअरिंगचा फार मोठा नमुना आहे, कारण त्यात गरजेपेक्षा जास्त असं काहीच नव्हतं.

पण १६ एचपीत पाऊण टन हलतो कसा? इथंच सगळी गंमत आहे. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. त्या इंजिनाचा टॉर्क ३८ च्या आसपास. पण तो जोर तसाच चाकाला जात नाही, पहिला गिअर त्याला चारपट-पाचपट करतो, मग मागचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या आसातली दातेरी चाकं, आणखी चार-पाचपट, म्हणजे चाकापाशी जोर वीस पटीच्या घरात जातो. बदल्यात वेग तेवढ्याच पटीनं कमी. मालवाहू गाडीत हा सौदा चालतो, कारण कांद्याच्या पिशवीला घाई नसते. एचपी म्हणजे तोच जोर किती वेगानं काढता येतो ते. म्हणून चढ चढता येईल का हे टॉर्क आणि गिअर मिळून ठरवतात, किती वेगानं चढाल हे एचपी ठरवतं. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

भाच्याला मी कागदावर मांडून दाखवलं. गाडी आणि माल मिळून १५५० किलो धर. सपाट रस्त्यावर ताशी ५० नं जायला चाकापाशी साधारण ७ एचपी लागतात. बस, सात. तीच गाडी ८० नं पळवायची तर १८ च्या आसपास, कारण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि ताकद तर त्याच्याही पुढं. आता चढ. शंभर मीटरला सहा मीटर चढ धरला तर ३० च्या वेगानं चढायला १३ एचपी, गिअरबॉक्सात जाणारं धरून इंजिनाकडनं १५. हाच चढ ५० नं चढायचा म्हणलं तर चाकापाशीच २४. म्हणजे घाटात २० किलोमीटरचा वेग वाढवायला जवळजवळ दुप्पट इंजिन पाहिजे. आणि तुळजापूरचा घाट लांबीला आहे केवढासा, वेळ वाचणार तो मिनिटा-दोन मिनिटांचा, आणि त्याच्यासाठी वर्षभर रोज जड गाडी ओढायची, हे गणित मला पटत नाही. लग्नाच्या पंगतीचं पातेलं आहे म्हणून रोज दोघांचा भात त्यात शिजवत नाही कुणी.

मग त्याला म्हणलं, आता वही काढ. काय नेणार, किती किलो, कुठं, येताना काय. सगळं लिही, अंदाजानं नको, ज्यांची भाडी मिळणार आहेत त्यांना विचारून लिही. तो चिडला थोडा, पण लिहिलं. आणि त्या वहीतनं जे बाहेर आलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

सोलापूरचा टॉवेल जड नसतो, मोठा असतो. एका टॉवेल कारखान्याच्या दारात आम्ही मुद्दाम उभं राहून बघितलं. गठ्ठे हौद्यात रचत रचत केबिनच्या वर गेले, हमालानं वर चढून पायानं दाबून दाबून आणखी चार बसवले, दोर आवळला, ताडपत्री टाकली, गाडी लांबून बघितली तर वाटावं की आता मोडते. खाली वाकून पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघितले तर पाट्यांची कमान जशीच्या तशी. वजनच नव्हतं. आणि त्याच आकाराच्या गाडीत मार्केट यार्डात कांदा भरताना बघा, पन्नास किलोची पिशवी, बारा पिशव्या म्हणजे ६०० किलो, हौद्याचा तळ भरून थोडं वर आलं की झालं, फाळक्याच्या वरसुद्धा माल येत नाही, पण पाटे सपाट व्हायला लागलेले असतात आणि मागचं टायर खाली जरा फुगलेलं दिसतं. टॉवेलला जागा लागते, कांद्याला ताकद. भाच्याच्या वहीत दिवसाची बहुतेक भाडी जागेची होती. ताकदीची फक्त सकाळची एक फेरी, आणि तीही रोज पूर्ण भरलेली नाही. म्हणजे त्याला हौदा मोठा पाहिजे होता, इंजिन नाही. आपल्याकडं हे दोन्ही एकच समजतात.

डिझेल का पेट्रोल, यावर आमचं खरं वाजलं. डिझेल म्हणजे पुलिंग, पेट्रोल म्हणजे कारचं इंजिन, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण आकडे बघा. त्या ७०२ सीसीच्या बिनटर्बो डिझेलचा टॉर्क ३८. त्याच कंपनीचं नंतर आलेलं ६९४ सीसीचं पेट्रोल, तेही दोन सिलिंडरचं, टॉर्क ५५ आणि ताकद ३० एचपी. म्हणजे तेवढ्याच आकारात पेट्रोलचा जोर जास्त. कारण साधं आहे, बिनटर्बो डिझेलला आत आलेली सगळी हवा वापरता येत नाही, जास्त इंधन टाकलं की काळा धूर. डिझेलला जे खेचणं आलं ते टर्बोमुळं. टाटाच्याच इंट्रा व्ही१० चं ७९८ सीसी टर्बो डिझेल ११० न्यूटन-मीटर काढतं, आकार थोडासाच मोठा आणि जोर जवळजवळ तिप्पट. डिझेलची खरी कमाई वेगळीच आहे, तो इंधन कमी पितो, विशेषतः अर्धवट लोडवर, कारण पेट्रोल इंजिन हवा अडवून ताकद कमी करतं आणि त्या अडवण्यातच ताकद वाया जाते, डिझेलमध्ये तो प्रकार नाही. म्हणून दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर पळणाऱ्यानं डिझेलचा विचार जरूर करावा. पुण्याची, हैदराबादची भाडी मारणाऱ्यानं तर करावाच.

पण २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा, म्हणजे धुराचा कडक नियम, आलं आणि छोट्या डिझेलचं गणित बदललं. आता धूर साफ करणारी सगळी यंत्रणा मागं लावावी लागते. ती छोट्या गाडीलाही लागते, मोठ्यालाही, खर्च काही इंजिनाच्या आकारानं निम्मा होत नाही. मारुतीनं तर डिझेल बंदच केलं, त्यांची छोटी मालगाडी सुपर कॅरी आली तेव्हा तिच्यात ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल होतं, आता फक्त १.२ लिटर पेट्रोल आणि सीएनजी. ज्या डिझेलला डीपीएफ आहे, म्हणजे काजळी धरणारी जाळी, तिला स्वतःला साफ करायला आतला धूर साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापावा लागतो, त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळाली पाहिजे. आणि भाच्याचं काम काय, एमआयडीसीतनं माल उचल, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला टाक, इंजिन बंद, परत तीन-चार किलोमीटर, परत बंद. ओळखीच्या एकाची गाडी अशाच कामावर सारखी जाळी तुंबल्याचा दिवा लावून उभी राहायची, कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच, ती गाडी ज्या कामासाठी केली होती ते काम तिला मिळतच नव्हतं. शहरातल्या तुटक फेऱ्यांना पेट्रोल नाहीतर सीएनजी, माझं तरी हे मत आता पक्कं झालंय.

सीएनजीचं एक नीट सांगितलं पाहिजे. एक किलो गॅसमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते, म्हणून किलोचं अ‍ॅव्हरेज ऐकून हुरळून जाऊ नये, पण पैशाच्या हिशोबात तरीही परवडतं. ताकद थोडी कमी होते. त्या १.२ लिटर इंजिनाचा टॉर्क पेट्रोलवर १०४ आणि सीएनजीवर ९५, चालवताना फरक कळतो पण अडत नाही. खरा तोटा टाकीच्या वजनाचा आहे, तिचं वजन पासिंगमधनंच, म्हणजे कागदावर मंजूर असलेल्या मालाच्या वजनातनंच, वजा होतं, शंभरेक किलो गेलेच. टॉवेलवाल्याला त्याचं काही नाही, कांदेवाल्याला दोन पिशव्या कमी. आणि पंपावरची रांग. ती रांग कुठल्याही माहितीपत्रकात नसते. इलेक्ट्रिकही आम्ही बघितली, शहरातल्या कामाला अगदी योग्य, पण गावात रात्री लाइटीचा भरवसा नाही म्हणून भाच्यानं तो विषय लगेच सोडला आणि मीही फार ताणलं नाही.

उन्हाचं मात्र मी ताणलं. बाहेरची माणसं लिहितात त्यात हे येत नाही, पण सोलापुरात गाडी चालवायची तर एप्रिल-मे धरलाच पाहिजे. पारा ४३-४४ ला जातो. तापलेली हवा विरळ असते, २५ डिग्रीच्या मानानं ४४ डिग्रीला सहा टक्के तरी कमी. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, तिथं आणखी चार-पाच टक्के गेले. म्हणजे बिनटर्बो इंजिन मे महिन्यातल्या दुपारी दहावा हिस्सा ताकद घरी ठेवूनच निघतं, माहितीपत्रकातले शंभर न्यूटन-मीटर म्हणजे नव्वद समजायचे. टर्बोवाला हे बरंचसं भरून काढतो, पण तो स्वतः तापतो, त्याला चांगलं ऑइल वेळेवर लागतं आणि घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद न करता अर्धा मिनिट तरी इंजिन मंद चालू ठेवावं लागतं. छोटं इंजिन कायम त्याच्या ताकदीच्या वरच्या टोकाला काम करतं, त्यामुळं त्याचं पाणी आणि ऑइल यात हयगय चालत नाही. आपल्याकडं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय आहे, आपलं पाणी जड, आत पांढरा थर बसतो, मग गाडी तापली की इंजिनाला शिव्या. कुलंटच घाला. छोट्या इंजिनावर झालेला सगळ्यात मोठा अन्याय मला हाच वाटतो, इंजिनाचं हेड उतरवायची वेळ येते पाण्यामुळं आणि नाव होतं, छोटं होतं म्हणून टिकलं नाही.

एका मेस्त्रीकडनं आम्ही तसलीच १.२ लिटरची गाडी अर्ध्या दिवसासाठी मागून घेतली. शोरूमवाले रिकामी गाडी फिरवायला देतात, रिकाम्या गाडीवरनं काहीच कळत नाही. आम्ही खताच्या पोत्यांनी पासिंगएवढं वजन भरलं, वजनकाट्यावर काटा केला, पावती खिशात ठेवली आणि तुळजापूरला निघालो. घाटाच्या चढावर मी मुद्दाम कडेला थांबवायला लावली, कारण थांबलेली गाडी चढावर उचलणं हीच खरी परीक्षा. हँडब्रेक, पहिला गिअर, भाच्यानं क्लच सोडताना इंजिन दोन हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या, वर ठेवलं, गाडी क्षणभर मागं सरकल्यासारखी वाटली आणि निघाली. क्लचचा वास आला नाही. वास येतोय का हे मी खिडकीतनं डोकं बाहेर काढून बघत होतो. मग दुसऱ्या गिअरवर, कधी तिसऱ्यावर, मागनं येणाऱ्या गाड्या हॉर्न मारत पुढं गेल्या, आणि आम्ही वर पोचलो. तापमानाचा काटा मध्यावर. भाचा म्हणाला, "हळू आहे मामा." म्हणलं, हळूच आहे, पण चढली की नाही? त्या इंजिनाचा पूर्ण जोर ३००० आरपीएमच्या आसपास मिळतो, डिझेलवाल्यांना सवय असते खालच्या आरपीएमवर ओढायची, ती सवय इथं मोडावी लागते, गिअर लवकर खाली टाकावा लागतो. तेवढं शिकलं की झालं.

उतरताना मी त्याला जे सांगितलं ते इंजिनापेक्षा महत्त्वाचं. मोठं इंजिन काय करतं, जास्त भरलेलं निमूट ओढतं. पासिंग सव्वा टनाचं, भरले दोन टन, तरी चढतंय. मग उतारावर ते दोन टन थांबवायचे कुणी? ब्रेक तर पासिंगच्याच हिशोबानं दिलेले असतात. छोटं इंजिन जास्त भरलं की चढावर लगेच रडतं, आणि ते रडणं चालवणाऱ्याच्या जिवासाठी चांगलं आहे. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला दोन हजार. छोट्या गाडीवाल्याचा महिन्याचा हप्ता एका पावतीत गेला म्हणून समजा.

राहिला प्रश्न कांद्याच्या हंगामाचा. तिथं भाच्याचं म्हणणं मला डावलता येत नव्हतं, जानेवारीत यार्डात गाड्यांची रांग लागते तेव्हा गावातनं रोज पंधरा-वीस पिशव्या निघतात आणि त्याच्या गाडीत बारा. पण गावात कांदा जातोच पिशवीमागं भाडं ठरवून, पाच घरांचा माल एका गाडीत. शेजारच्या वाडीत एकाकडं मोठी पिकअप आहेच. त्या दिवसांत मोठा माल त्याच्यात टाकायचा, आणि तेव्हाही शहरातली टॉवेलची भाडी भाच्याच्या गाडीला असल्यानं त्याला काही कमी पडत नाही. हे दोघांनी बसून ठरवलं, मी मध्ये पडलो नाही. मोठ्या गाडीचं रिकामं वजनच छोटीच्या दुपटीच्या जवळ जातं, आणि आपल्याकडं परतीचं भाडं हमखास मिळत नाही, म्हणजे रोज संध्याकाळी ते लोखंड नान्नजपर्यंत फुकट वाहायचं. हा खर्च हंगामातल्या जास्तीच्या आठ पिशव्यांनी भरून निघत नाही, वहीतल्या आकड्यांनी तेच सांगितलं, आणि मी नाही, भाच्यानंच बेरीज करून मला दाखवलं.

१.२ लिटर, चार सिलिंडर, सीएनजी. बुकिंग केलंय. पेट्रोलची जी छोटी टाकी असते, पाच लिटरची, ती कायम भरलेली ठेवायची असं आमचं ठरलंय, घाटासाठीही आणि पंपावरच्या रांगेसाठीही. एका गोष्टीवर अजून एकमत नाही. त्याला हौद्याच्या बाजू उंच करून घ्यायच्यात, टॉवेलसाठी. मी म्हणतोय लोखंडी नको, त्यानंही वजन वाढतंय, पाईप आणि जाळी कर. तो म्हणतोय जाळीतनं कांदा कसा न्यायचा. यावर रविवारी नान्नजला बसणार आहोत, वेल्डरलाही तिथंच बोलावलंय.